आहेरात दिलेली पुस्तकं

मी पंधरा-सोळा वर्षांची असताना आमच्या बिदरजवळच्या मैलूरच्या घरात धड बसायला जागा नव्हती, कारण जनवाड्याच्या एका गुरुजींचं वैवाहिक सुख आमच्याकडे गठ्ठ्यांनी येऊन पडलं होतं. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी 'संसाराची त्रेपन्न सूत्रे' नावाचं पुस्तक लिहून काढलं. बिदर शहरात चौबाऱ्याच्या बुरुजाच्या अलीकडे एक छापखाना होता, तिथे माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुस्तक तिथेच छापलं गेलं. छापून झाल्यावर गुरुजी बैलगाडी घेऊन गठ्ठे न्यायला आले, नेलेही, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी तेच गठ्ठे घेऊन आमच्या दारात उभी राहिली. गुरुजींच्या मंडळींनी उंबरठ्यावरच सांगितलं होतं, "जगाला शहाणं करा, पर ही रद्दी माझ्या घरात नगं." सुखी संसाराची सूत्रं लिहिणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात जागा मिळाली नाही. अप्पा भिडस्त. "ठेवा की गुरुजी, चार दिवसांचा तर प्रश्न हाय," म्हणाले. ते चार दिवस दोन वर्षं चालले.

मायनं त्या गठ्ठ्यांचा संसार मांडला. दोन गठ्ठ्यांवर पाण्याचा हंडा, चारांवर फळी टाकून तिची शिवणाची बैठक, आणि माझं अंथरूण थेट सूत्रांवर. घर एवढंसं, भिंतीवर दोन तसबिरी, सकाळची वंदना झाली की दिवसभर आवाजच आवाज. शेजारच्या बोळातून बिदरी काम करणाऱ्यांची ठोकाठोकी, डोक्यावरून सरावाच्या विमानांची घरघर, आणि माय भाकरी थापताना होणारा थप थप आवाज. मला या सगळ्यात एका जागी बसवायचं नाही. माय म्हणायची, "बूड टेकव की जरा कुमे, काय इकडून तिकडं करायलीस सकाळधरनं?" काय करतेय ते मलाही सांगता यायचं नाही. वर्गात बाकावर बसले की वाटायचं, आत्ता या क्षणी दुसरीकडे कुठे तरी काही तरी चाललंय आणि ते मला चुकतंय. दळण आणायला पाठवलं तर मी गिरणीच्या पुढे बसस्टँडपर्यंत जाऊन पाट्या वाचून यायची. हुमनाबाद, भालकी, उदगीर, गुलबर्गा. नुसत्या पाट्या वाचूनही बरं वाटायचं.

अप्पा मात्र तासन्‌तास उभे. समोर खिळ्यांची खणाखणांची पेटी, डाव्या हातात पट्टी, उजवा हात न बघता बरोबर खणात जायचा. मराठी आणि कानडी, दोन्ही. म्हैसूर जाऊन राज्याचं नाव कर्नाटक झालं तेव्हा गावातल्या एकूण एक दुकानदाराला नवे मथळे हवे झाले. अप्पा महिनाभर तोच एक शब्द जुळवत होते आणि तरी त्यांना कंटाळा आला नाही. मी एकदा विचारलं, दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका, निधनाच्या बातम्या आणि कविता हाताखालून जातात, तुम्हाला वाचून हसू नाही येत? अप्पा म्हणाले, "जुळवताना अर्थ वाचायचा नसतो कुमे. अर्थ वाचला की हात चुकतोय." हे मी तेव्हा एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं.

पुस्तकं विकायची युक्ती मला एका लग्नात सापडली. आमच्याकडे लग्न लागलं की आहेर भोंग्यावरून पुकारायची रीत. मांडवात एक टेबल, टेबलावर माईक, शेजारी वहीवाला. अमक्या गावच्या अमक्यांकडून नवरीला एक तांब्या, तमक्यांकडून नवरदेवाला एक टॉवेल. शंभर तांबे पुकारून होईस्तोवर पुकारणारा आणि ऐकणारे दोघेही पेंगतात. त्या दिवशी पुकारणाऱ्याचा घसा बसला आणि कुणी तरी म्हणालं, कंपोझिटरच्या पोरीला द्या, ती शाळेत भाषणं करती. मी माईक घेतला. आणि दहा तांब्यांनंतर मला राहवेना. गुरुजींनी नवरदेवाला स्वतःचंच पुस्तक आहेर केलं होतं, ते मी उघडलं आणि भोंग्यावरून वाचलं, "सूत्र चौथे. पतीने पत्नीचे म्हणणे शांतपणे ऐकावे." आणि पदरचं जोडलं, "ऐकता आलं नाही तर निदान ऐकल्यासारखं तोंड करावं. आमचे अप्पा पंचवीस वर्षं तेच करतात." मांडव हसला. "सूत्र अकरावे. सासूला आईसमान मानावे. जरूर मानावं, पण आपण आईशी किती भांडतो तेही आठवावं." बायकांच्या बाजूनं असा काही हशा उठला की स्वयंपाकी झारा हातात घेऊन बाहेर आले. हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, पंगती बसेपर्यंत चार जणांनी विचारलं, हे पुस्तक मिळतं कुठं? म्हटलं, माझ्या अंथरुणाखाली.

त्यानंतर मी बिदर-भालकीकडची एकही लग्न सोडलं नाही. तांब्याऐवजी पुस्तक आहेर करा, तांबे घरात सहा असतात, शहाणपण एकही नसतं, असं मी भोंग्यावरून सांगायची. लोक खरंच घ्यायचे. पुढच्या लग्नाला लागेल म्हणून दोन-दोन घेऊन ठेवायचे. अंथरूण हळूहळू खाली उतरलं, हंडा जमिनीवर आला. गुरुजी खूश झाले आणि मग एक दिवस जरा गप्पही झाले, कारण त्यांना कळलं की लोक पुस्तक घेतात आणि माझी टिप्पणी पेन्सिलीनं समासात लिहून मागतात. माणूस मोठ्या मनाचा. म्हणाले, "कुमुद, माझी सूत्रं आता झाली. तू तुझी उलटी बाजू लिही, छापायचं मी बघतो." आजही नवे लेखक माझ्याकडे गठ्ठ्यांची गाऱ्हाणी घेऊन येतात, बाई, पुस्तक खपवून द्या म्हणतात, आणि मी जे काही सांगते ते सगळं त्या मांडवांतलं आहे. फक्त एक गोष्ट मांडवात शिकले नाही. ती पुढे येते.

लिहायला बसले तेव्हा कळलं की नवरा-बायकोविषयी मला काहीच माहिती नाही. मायअप्पांवर किती लिहिणार? सुट्टी लागली तशी मी अक्काकडे गेले. शांताक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी, अफजलपूरला दिलेली. दाजी एस.टी.त कंडक्टर, अफजलपूर-सोलापूर गाडीवर. जावई बघायला आले तेव्हा बोलणं सगळं थोरल्यांनी केलं होतं, दाजींनी मान हलवली होती, आणि आमच्या सगळ्या भावकीत कमी बोलणारा जावई मिळाला म्हणून कौतुक झालं होतं. अक्काला तोवर एक मूल झालेलं. घर भीमेच्या बाजूला, मागे ऊस, आणि उसात वारा शिरला की सतत कुणी तरी कुजबुजतंय असं वाटायचं. मला तिथेही चैन पडेना. मी सकाळी स्टँडवर जायची, दाजींची गाडी सुटताना बघायची. दाजी पायरीवर उभे राहून "करजगी, अक्कलकोट, सोलापूर" अशी एका सुरात हाळी द्यायचे. आवाज असा की स्टँडच्या पलीकडच्या चहावाल्यानंही मान वळवावी.

आणि हाच माणूस संध्याकाळी घरी आला की मुका. हातपाय धुऊन ताटावर बसायचा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पुंडीपल्ल्याची भाजी, म्हणजे आमची अंबाडीच. अक्का वाढायला उभी. दाजी बोटातल्या अंगठीनं पितळी पेल्यावर दोनदा टिचकी मारायचे, की अक्का वाढायची. एकदा मारली की हात मागे. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, अगदी गाडीतल्या घंटीसारखं. पहिल्या दिवशी मी पदरात तोंड खुपसून हसले. मागे चुलीपाशी अक्काला विचारलं, "अक्का, दाजी बोलत कामून न्हाईत गं?" अक्का चुलीत फुंकत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "रुसलेत." "कशावरनं?" "रुसायला कशावरनं लागतंय व्हय? बाप्यामाणूस हाय." मी आठ दिवस राहिले आणि आठही दिवस दाजी रुसलेले होते. एवढा लांब रुसवा मी कुठे पाहिला नव्हता. मला तर घबाड सापडलं. बिदरला येताना गाडीतच, मांडीवर वही ठेवून, मी सगळं लिहून काढलं. एका घरात घंटीवर चालणारा संसार! एक घंटी थांब, दोन घंट्या चल. पण शेवट नीट जमेना. दोनावर गोष्ट संपत नाही, तिसरं काही तरी हवं, हे मांडवात शिकले होते. म्हणून गुलबर्गा आल्यावर मी तिसरी घंटी पदरची घातली. तीन घंट्या म्हणजे, बाई, तुझं माहेर आलं, उतर.

अप्पांनी ते पुस्तक जुळवलं. माझ्या नावाचे खिळे पहिल्यांदा पट्टीत बसले तेव्हा त्यांनी मला बोलावून दाखवले, उलटे, आरशातल्यासारखे. कंडक्टरचं नाव मी घातलं नव्हतं. "अफजलपूरकडचे एक कंडक्टर" एवढंच लिहिलं, खरं वाटावं म्हणून. त्या गाडीवर कंडक्टर असे किती असणार, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नाही, आणि अप्पांनी तर नियमाप्रमाणे अर्थ वाचलाच नाही. नाव ठेवलं 'सूत्रांची उलटी बाजू'. गठ्ठे पुन्हा घरात आले, पण या वेळी मायनं त्यांवर हंडा ठेवायच्या आत ते बाहेर जायला लागले.

मग अफजलपूर तालुक्यातल्याच आमच्या पाहुण्यांचं लग्न निघालं आणि त्यांनी मुद्दाम निरोप पाठवला, पोरीला घेऊन या, आहेर ती पुकारणार. दोन गठ्ठे घेऊन मी अप्पांबरोबर गेले. अक्का लेकराला घेऊन आली होती. दाजींची ड्यूटी होती. मांडव भरगच्च. मी तांबे पुकारले, टॉवेल पुकारले, चार सूत्रं उलटी केली, आणि हशा असा तापला की माझ्याच्यानं राहवेना. मी कंडक्टरवालं काढलं. पहिल्या घंटीला लोक हसले, दुसरीला माना टाकल्या, तिसरीला एक म्हातारा खुर्चीवरून खाली बसला. बायकांत अक्का बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतलेला मला माईकपाशी उभ्यानं दिसला. मला वाटलं, हसतेय. मी तिच्याकडे बघून तिसरी घंटी पुन्हा एकदा म्हटली, तिच्यासाठी. दोन्ही गठ्ठे त्या मांडवातच संपले. जेवायला बसताना अक्का शेजारी नव्हती. लेकरू किरकिर करतंय म्हणून लवकर गेली, असं कुणी तरी सांगितलं.

वीस-बावीस दिवसांनी अक्का मैलूरला आली. एका हाताला पेटी, कडेवर लेकरू. दुपारची वेळ, माय सुसला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, करत होती. अक्कानं पेटी ठेवली, मायच्या हातातला झारा घेतला आणि स्वतःच परतायला लागली, जणू कालच इथून उठून गेली होती. माय विचारून दमली. संध्याकाळी अप्पा आल्यावर अक्का बोलली, ती मला उद्देशून. म्हणाली, गाडीत पोरं लोखंडी दांड्यावर तीनदा ठोकायला लागली. आधी एक-दोघं, मग अख्खी गाडी. करजगी आलं की तीन, अक्कलकोट आलं की तीन. दाजी पहिले काही दिवस खाली मान घालून तिकिटं फाडत राहिले. मग एक दिवस त्यांनी रागावून तोंड उघडलं आणि शब्द निघेना.

"निघंना म्हंजे?" मी विचारलं.

"त्यायची जीभ अडती," अक्का म्हणाली. "लहानपणापासनं. हाळी दिली तर अडत न्हाई, सुरात म्हणलं तर अडत न्हाई. साधं बोलायला गेलं की अडती. दिवसभर गावं पुकारून दमलेत की घरात एक अक्षर निघत न्हाई. म्हणून पेला वाजिवतेत. आमचं आमचं चाललं होतं."

मी म्हटलं, "मग तू मला रुसलेत म्हणून कामून सांगितलंस?"

"मग काय सांगू? माझा नवरा तोतरा हाय म्हणून सांगू? रुसलाय म्हणलं तर बाईला लाज न्हाई. सगळ्यायचेच रुसतेत." तिनं लेकराच्या कपाळावरची पावडर पुसली आणि म्हणाली, "सहा वर्सं झाकून ठेवलं होतं कुमे. कामावर कळलं तर गाडीवरनं काढतेत म्हणून ते भ्यायचे. आता सोलापूरपतुर माहीत झालं. आन्‌ ही गोष्ट बाहेर गेली ती माझ्याच भणीच्या तोंडानं गेली. मी त्यायच्या पुढं कोणतं तोंड घेऊन उभी ऱ्हाऊ?"

अप्पा उठून खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून पुस्तक घेऊन आले. माझं पुस्तक ते खिशात घेऊन फिरायचे, हे मला तेव्हा कळलं. दिव्याखाली धरून त्यांनी ते पान पहिल्यांदाच अर्थ लावून वाचलं. वाचून झाल्यावर कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तकं परत आणायला निघाले. एरवी एका जागी न बसणारे पाय आता तर अंगाशीच राहीनात. मला वाटत होतं, सगळ्या प्रती गोळा केल्या, ते पान जगातून काढून टाकलं, तर अक्का परत जाईल. गुरुजी बरोबर आले. म्हातारा माणूस, धोतराचा सोगा धरून बसमागून बस चढत होता. पण एक गोष्ट मी विसरले होते. ही पुस्तकं मी दुकानातून विकली नव्हती, आहेरात खपवली होती. भालकीजवळच्या एका गावात नवरीच्या सासूनं मला दारातच अडवलं. "आहेर कुणी परत देतंय का गं? आहेर परत गेला तर पोरीचं नांदणं मोडतंय." मी म्हटलं, आजी, आपण धम्मदीक्षा घेतली, असलं मानत नाही ना आता? आजी म्हणाली, "मानत न्हाईच. पर आहेर परत देत न्हाई." मी पिशवीतून नवाकोरा तांब्या काढला, हा घ्या, पुस्तक द्या. तिनं तांब्या ठेवून घेतला आणि पुस्तकही. दुसऱ्या घरात नवरीला म्हटलं, निदान तेवढं एक पान फाडून दे. तिनं पुस्तक छातीशी धरलं. "तेच पान तर वाचायसारखं हाय." मी इतकी वर्षं खपाविषयी बोलते आहे, लोक टाळ्या वाजवतात, पण त्या नवरीचा चेहरा आठवला की माझी जीभ अडखळते. तांब्याऐवजी पुस्तक द्या हे मीच शिकवलं होतं, आणि ते पुस्तक आता शंभर घरांत पेटीत लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलेलं होतं. तिथून ते काढायला मी कोण? दहा दिवस फिरून पिशवीत चार प्रती जमल्या. परतताना जनवाड्याच्या फाट्यावर गुरुजी उतरले आणि म्हणाले, "पोरी, आता पुस्तकामागं नको जाऊ. माणसाकडं जा."

अप्पा आणि मी अफजलपूरला गेलो. सगळ्या रस्ताभर मी माफीची वाक्यं जुळवत होते आणि खोडत होते. दाजी अंगणात खाकी शर्ट वाळत घालत होते. आम्हाला बघून त्यांनी घोंगडी अंथरली, पाणी आणलं. अप्पांनी पाण्याला हात लावला नाही. म्हणाले, "जावईबापू, तिनं लिहिलं, पर खिळे माझ्या हातानं जुळवलेत. आधी मला बोला." दाजींनी मान हलवली, नाही म्हणून. मग ते माझ्याकडे वळले आणि बोलायला लागले. ते कसं बोलले ते मी कागदावर उतरवू शकते. अक्षरं तोडून, मध्ये टिंबं घालून, मला ते उत्तम जमतं आणि वाचणारा हसेलही. मी ते करणार नाही. वाक्य सरळ लिहिते. त्याला किती वेळ लागला ते सांगते फक्त: तेवढ्या वेळात समोरच्या घरची म्हातारी आडावर जाऊन घागर भरून परत आली. दाजी म्हणाले, "पहिल्या दोन खऱ्या हायत, त्याचं मला काय न्हाई. तिसरी तू घातलीस. मी तिला कधी उतर म्हणलो न्हाई."

मी रडायला लागले. मला वाटलं होतं तोतरेपण उघडं पडलं म्हणून ते पेटलेले असतील. त्याचं त्यांना दुःख होतंच, चेहऱ्यावर दिसत होतं. पण सगळ्या गाडीनं त्यांच्या मागे जे ठोकलं ते त्यांनी बायकोला कधी म्हटलेलं नव्हतं, आणि हे कुणाला सांगायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते. माझ्याजवळ शब्द ढिगानं होते आणि मी त्यांतून खोटं तेवढं निवडून भोंग्यावर लावलं होतं. मी पाया पडायला वाकले तर दाजी दोन पावलं मागे सरले. आत जाऊन खाकी शर्ट न घालता साधा सदरा घालून आले आणि अप्पांच्या आधी स्टँडच्या वाटेला लागले. आमच्याबरोबर बिदरला आले. अक्का दारात उभी होती. दाजींनी काहीही म्हणायचा प्रयत्न केला नाही. तिची पेटी उचलली. तिनं लेकरू कडेवर घेतलं. मायनं भाकऱ्या बांधून दिल्या. एवढंच झालं. गाडीवरनं त्यांना कुणी काढलं नाही. ठोकणारी पोरंही काही महिन्यांनी कंटाळली.

मात्र माझी अक्का त्या दिवशी जी गेली ती गेलीच. येणंजाणं होतं, सणावाराला माझ्या आवडीचं करून घालायची, माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त राबली. पण स्वतःच्या घरातलं एक अक्षर तिनं मला पुन्हा सांगितलं नाही. कशी आहेस विचारलं की "बरं हाय." दाजी? "बरं हायत." पत्रात 'आम्ही सर्व कुशल'. लहानपणी एका अंथरुणात पाय अडकवून दिवसभराचं सगळं एकमेकींना सांगणाऱ्या आम्ही. मी पुढे नवरा-बायकोंवर सदरं लिहिली, बारा पुस्तकं लिहिली, अनोळखी बायका बसमध्ये हात धरून आपल्या सासूची गोष्ट मला सांगायच्या. जगातल्या सगळ्या घरांची दारं मला उघडी, आणि एक बंद. ते बंद असणं मला रोज लागायचं. मी कामानं, प्रवासानं, भाषणांनी ते झाकत राहिले. लेखकांना मात्र एक विचारते, तुमचं पुस्तक कोणत्या घरात जाऊ नये ते ठरवलंय का? ते हसतात. त्यांना वाटतं, बाई विनोदी आहेत.

दाजी जाऊन आता चार वर्षं होतील. हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मी अफजलपूरला गेले आणि अक्काला वाचून दाखवलं, इथवर. ती तूर निवडत होती. वाचून होईपर्यंत तिचा हात थांबला नाही. मग म्हणाली, "लिही एवढं. ते असते तर लिहू दिलं नसतं. आता कुणापासनं झाकायचं?" मी कागद पिशवीत घातले. पिशवीचे बंद बांधले. अक्कानं सूप बाजूला सारलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "पुढलं लिहिणार न्हाईस ना?"

"न्हाई."

"नक्की?"

"नक्की, अक्का."

मग ती सांगायला लागली. दाजींचं, तिचं, पहिल्या वर्षापासूनचं, ते काय करायचे, ही काय उत्तर द्यायची, एकदा सोलापूरच्या स्टँडवर काय झालं, सगळं. ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत ती सांगत होती आणि मी जागची हलले नाही. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, माझ्याही. इतकं हसवणारं मी जन्मात कुठे ऐकलेलं नाही. त्यातलं एकही वाक्य या पुस्तकात नाही.